व्यापारी मंडळाची भाषा : निगमसभेपासून मिरचीच्या पथारीपर्यंत

व्यापारी मंडळ, म्हणजे रूढ नावाने ज्यास ‘चेंबर ऑफ कॉमर्स’ म्हणतात ती संस्था, सामान्यतः अर्थशास्त्राच्या अभ्यासाचा विषय मानली जाते. सभासदांच्या बैठका भरविणे, परदेशी शिष्टमंडळांचे स्वागत करणे, ग्राहक व विक्रेता यांची गाठ घालून देणे, मालाच्या उगमाचा दाखला देणे, तंटा उद्‌भवल्यास लवाद नेमणे ही तिची कामे सर्वपरिचित आहेत. परंतु या कामांची यादी नीट न्याहाळली असता असे दिसते की, यांपैकी एकाही कामात मंडळ स्वतः माल विकत नाही, विकत घेत नाही, वाहून नेत नाही की त्यावर पैसा लावीत नाही. ते केवळ शब्दांचा व्यवहार करते. दोन अपरिचित माणसांना एकच शब्द एकाच अर्थाने वापरता यावा, एवढ्यासाठी ही सारी खटपट असते. या दृष्टीने पाहता प्रस्तुत विषय भाषाशास्त्राच्या कक्षेत येतो. येथे त्याचा विचार नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात करावयाचा आहे.

प्रथम नावासंबंधी थोडेसे. ‘चेंबर’ या शब्दाचे मूळ लॅटिन ‘कामेरा’ या शब्दात असून त्याच्या मागे कमानदार छताचा बोध करणारा ग्रीक शब्द आहे. छत, मग खोली, मग त्या खोलीत बसणारी मंडळी, असा हा अर्थविस्तार झाला. फ्रान्समधील मार्सेय येथे १५९९ साली व्यापाऱ्यांची जी मंडळी स्थापन झाली, तिच्यापासून हे नाव व्यापाराला चिकटले. मराठीने हा शब्द घेतला खरा, पण त्याचे काही निराळेच केले. आज मराठी माणसाच्या तोंडी ‘चेंबर’ म्हटले की वकिलाची खोली किंवा रस्त्यावरील गटाराचे झाकण आधी डोळ्यांपुढे येते. व्यापाऱ्यांच्या मंडळीचा अर्थ तिसऱ्या क्रमांकावरही लागेल की नाही, याची शंकाच आहे.

वस्तुतः या अर्थाचा शब्द महाराष्ट्राच्या भूमीत मार्सेयच्या कितीतरी शतके आधी कोरलेला आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा प्राकृत लेख आहे. त्यात त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे अनुक्रमे २,००० व १,००० कार्षापण अक्षयनीवी म्हणून ठेवल्याचे नमूद आहे. व्याजाचा दर पहिल्या ठेवीस दरमहा शेकडा एक व दुसरीस शेकडा पाऊण असा होता. हे सारे ‘निगमसभे’त ऐकविण्यात आले आणि फळ्यावर नोंदले गेले, असे तो लेख सांगतो. निगम म्हणजे व्यापाऱ्यांचे नगर, आणि त्याची सभा ती निगमसभा. या सभेकडे ठेव नव्हती. ठेव श्रेणींकडे होती. सभेचे काम एवढेच की, झालेला करार सर्वांच्या कानी पडावा आणि लिहिला जावा. दाता उद्या नसेल, विणकरांची पिढी बदलेल, पण शब्द फळ्यावर राहील. व्यापारी मंडळाच्या कार्याचे याहून नेमके वर्णन आजच्या कोणत्याही घटनापत्रकात सापडणे कठीण आहे. याच लेण्यातील उषवदाताच्या दुसऱ्या लेखात त्याने भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथे धर्मशाळा बांधल्याचा आणि काही नद्यांवर विनामूल्य नावा ठेवल्याचा उल्लेख आहे. त्या नद्यांत तापी आहे. भरुकच्छ, म्हणजे भडोच, हे त्या काळचे पाश्चात्त्य व्यापाराचे मोठे बंदर होते. तेव्हा आजचा नंदुरबार जिल्हा ज्या नदीच्या खोऱ्यात वसला आहे, तिचा परदेशी व्यापाराशी असलेला संबंध जुना आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता याने नंदुरबारची नोंद मराठ्यांची वस्ती असलेले गाव म्हणून केली, आणि १६६६ साली इंग्रज कंपनीने येथे वखार घातली. जिल्हा म्हणून मात्र नंदुरबार अगदी तरुण आहे. धुळे जिल्ह्यातून तो १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला.

निगमसभेच्या उघड शब्दाशेजारी आपल्याकडे व्यापाराच्या झाकलेल्या शब्दाचीही परंपरा आहे, आणि ती भाषाशास्त्रज्ञास अधिक मोहविणारी आहे. मोल्सवर्थने आपल्या कोशात ‘नंदभाषा’ नोंदवली आहे. दलाल व दुकानदार यांची ही सांकेतिक बोली. तिच्यात उधानू म्हणजे तीन, पोकू म्हणजे चार, मुळू म्हणजे पाच. गिऱ्हाईक समोर उभे असता त्याला न कळता भाव ठरविणे, हा तिचा उपयोग. तीच गोष्ट हत्ता पद्धतीची. रुमालाखाली बोटे दाबून होणारा हा सौदा शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत होई आणि तरी त्यास दिसत नसे. महाराष्ट्रात १९६३ च्या कृषि-उत्पन्न पणन कायद्याने उघड लिलावाचा आग्रह धरला, त्याचा अर्थ भाषेच्या अंगाने पाहिल्यास हाच की, भावाचा शब्द मोठ्याने उच्चारला गेला पाहिजे. व्यापारी मंडळ ही तत्त्वतः याच बाजूची संस्था आहे.

मुंबईतील युरोपीय व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने १८३६ मध्ये बॉम्बे चेंबर स्थापन झाले. भारतीय व्यापाऱ्यांची इंडियन मर्चंट्‌स चेंबर १९०७ ची. मुंबईबाहेरील महाराष्ट्राच्या व्यापाऱ्यास आवाज मिळावा म्हणून शेठ वालचंद हिराचंद यांनी १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना केली. पुण्याचे मराठा चेंबर १९३४ चे. या दोन्ही संस्थांच्या नावात पुढे उद्योगाबरोबर शेतीही दाखल झाली, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. महाराष्ट्राच्या बाजारातील मालाचा मोठा भाग शेतातून येतो, याची ती कबुलीच होय. दोन देशांतील व्यापारासाठी वाहिलेल्या मंडळांपैकी इंडो-जर्मन चेंबर १९५६ मध्ये मुंबईत निघाले.

आंतरराष्ट्रीय पातळीवर या चळवळीचे सर्वांत मोठे कार्य शब्दांच्याच क्षेत्रात झाले आहे. पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय व्यापारी मंडळाने १९२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. नेहमीच्या वापरातील सहा व्यापारी संज्ञा घेऊन तेरा देशांत त्यांचा अर्थ काय केला जातो, हे तीत तपासले होते. एकच संज्ञा देशोदेशी निरनिराळ्या अर्थाने चालते, असा तिचा निष्कर्ष होता. बोलींची पाहणी करणाऱ्यास ही पद्धत ओळखीची वाटेल: शब्द तोच, गाव बदलले की अर्थ बदलतो. फरक इतकाच की, येथे अर्थ बदलला तर बुडालेल्या मालाची किंमत कोणी सोसावयाची तेही बदलते. या पाहणीतून १९३६ मध्ये ‘इन्कोटर्म्स’ ही नियमावली निघाली. तिची प्रचलित आवृत्ती २०२० ची असून तीत अकरा संज्ञा आहेत.

यांतील एका संज्ञेचा इतिहास उद्‌बोधक आहे. ‘एफ. ओ. बी.’ या संज्ञेनुसार माल जहाजावर चढेपर्यंतचा धोका विक्रेत्याचा व पुढचा ग्राहकाचा. हा धोका नेमका कोणत्या क्षणी हस्तांतरित होतो, याचे उत्तर २००० च्या आवृत्तीपर्यंत ‘जहाजाचा कठडा ओलांडताच’ असे होते. यारीवर लोंबकळणारी पेटी कठड्याच्या अलीकडे पडली की पलीकडे, यावर नुकसानीचा धनी ठरे. २०१० च्या आवृत्तीने हा काल्पनिक कठडा काढून टाकला आणि माल जहाजावर ठेवला जाणे ही कसोटी धरली. बंद कंटेनरमधून जाणाऱ्या मालासाठी तर एफ. ओ. बी. ऐवजी ‘एफ. सी. ए.’ ही संज्ञा वापरावी, असेच नियमकर्त्यांचे सांगणे आहे. तीनुसार विक्रेत्याने माल वाहतूकदाराच्या स्वाधीन केला की त्याची जोखीम संपते. नंदुरबारसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या ठिकाणी या दोन आद्याक्षरगटांतील अंतर फार मोठे आहे. गोदामातून निघालेला कंटेनर हजिऱ्यास किंवा न्हावा-शेवास पोहोचून जहाजावर चढेपर्यंत जे जे काही घडेल, ते एका संज्ञेत विक्रेत्याच्या माथी आहे. दुसरीत, करारात ठरलेले ठिकाण गावातलेच असल्यास, नाही.

आता मिरचीकडे वळू. नंदुरबारची बाजारपेठ लाल मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. शेतकरी ओली लाल मिरची बाजार समितीत आणतो, व्यापारी ती घेऊन मोकळ्या मैदानावर वाळत घालतात. या वाळवणाच्या जागेस येथे ‘पथारी’ म्हणतात, आणि हंगामात या पथाऱ्यांमुळे शहराबाहेरील जमीन लांबपर्यंत लाल दिसते. बाजारात लाली, फापडा, जरेला अशी नावे चालतात. माणसे मराठी, अहिराणी, गुजराती व भिल्ली बोलींत बोलतात. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. नवापूरचे रेल्वे स्थानक तर अर्धे महाराष्ट्रात व अर्धे गुजरातेत आहे. बहुभाषिकता ही येथे अडचण नसून रोजची सवय आहे.

परंतु ही मिरची सीमेबाहेर निघाली की तिचे नाव बदलते. सीमाशुल्काच्या जागतिक वर्गीकरणात ती अखंड वाळलेली असल्यास ०९०४२१ आणि दळलेली असल्यास ०९०४२२ होते. लाली व फापडा यांतील भेद या सहा आकड्यांत उरत नाही. ‘रंग चांगला आहे’ याऐवजी अमेरिकन मसाला व्यापार संघाच्या पद्धतीने मोजलेला रंगांक द्यावा लागतो, ‘झणझणीत’ याऐवजी विल्बर स्कोव्हिल यांच्या १९१२ च्या कसोटीपासून चालत आलेले एकक. पथारीवर अवेळी पाऊस पडला की व्यापारी म्हणतो, ‘मिरची भिजली’. भिजलेल्या मिरचीवर बुरशी धरते, बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण होते, आणि युरोपीय संघाच्या नियमात त्याच पावसाचे भाषांतर ‘बी-१ प्रकार किलोग्रॅममागे ५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावा, एकूण १० पेक्षा अधिक नसावे’ असे होते. २००३ मध्ये युरोपात भारतीय मिरचीपुडीत ‘सुदान’ हा निषिद्ध तांबडा रंग आढळला आणि प्रत्येक मालासोबत तपासणीचा दाखला अनिवार्य झाला. पुढे २००५ मध्ये ब्रिटनमध्ये अशा पुडीमुळे शेकडो खाद्यपदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले. ‘लाल’ या विशेषणावरील विश्वास उडाला की काय होते, याचा हा धडा होता.

सभासदांच्या बैठकीचे महत्त्व येथे कळते. बाहेरून पाहणाऱ्यास तो हार, भाषणे व चहापान यांचा समारंभ वाटतो, आणि पुष्कळदा तो तेवढाच असतो हेही खरे. पण चांगल्या बैठकीत तीन गोष्टी घडतात. ग्राहक आपल्या गरजेचे शब्द स्वतः उच्चारतो, त्यामुळे ते पत्रकातून न येता अर्थासह येतात. सभासदत्व हीच अपरिचितापुढे एक ओळख ठरते, कारण फसवणूक करणाऱ्यास मंडळातील आपले नाव गमवावे लागेल. आणि ज्याचा पहिला व्यवहार फसला तो दुसऱ्यास ते सांगतो. ही तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची असून ती कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेत छापलेली नसते. उगमाच्या दाखल्याचीही गोष्ट अशीच आहे. व्यापारी मंडळांनी दिलेल्या दाखल्यास १९२३ च्या जिनिव्हा कराराने मान्यता दिली. आपल्याकडे हे काम आता विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संगणकीय व्यवस्थेतून चालते, तरी सामान्य दाखला देणाऱ्या संस्थांत मंडळे आहेतच. हा दाखला उगम म्हणून देशाचे नाव सांगतो. नंदुरबारचे नाव त्यात आवश्यक नाही. गावाचे नाव मालास चिकटवून ठेवण्याचा मार्ग निराळा, तो भौगोलिक मानांकनाचा. नवापूरच्या तूरडाळीस ते मिळाले आहे.

एक विरोधाभास मात्र नोंदविला पाहिजे. अर्थ उघड करण्यासाठी घडविलेली ही परिभाषा ज्यास अवगत नाही, त्याच्यापुढे ती नंदभाषाच होऊन बसते. इंग्रजीतून चाललेल्या परिसंवादात एफ. सी. ए. व रंगांक यांची चर्चा ऐकणाऱ्या पथारीवाल्यास ते आकडे ‘पोकू’ व ‘मुळू’ यांच्याहून अधिक पारदर्शक वाटत नाहीत. मग तो मुंबईच्या किंवा गुजरातेतील निर्यातदारास माल देऊन मोकळा होतो. कागदावर विक्रेता म्हणून त्या निर्यातदाराचे नाव येते, आणि परदेशी ग्राहकाच्या दृष्टीने नंदुरबारचा व्यापारी अस्तित्वातच नसतो. ज्याने मिरची पिकविली तो तर याहूनही एक पायरी मागे.

याचे उत्तर परिभाषा सोडून देणे हे नव्हे. ती जगाची आहे आणि तिच्यावाचून माल हलत नाही. उत्तर तिच्या अनुवादात आहे, आणि येथे अनुवाद म्हणजे संस्कृत धातूंपासून नवे शब्द पाडणे असे प्रस्तुत लेखकास अभिप्रेत नाही. ‘अवतरणपूर्व जोखीम-संक्रमण’ असा शब्द कोणी सुचविल्यास पथारीवर तो एक दिवसही टिकणार नाही. एफ. सी. ए. हे अक्षरगट तसेच ठेवून, ‘गाडीत भरून वाहतूकदाराच्या ताब्यात दिला, आपली जोखीम संपली’ हे वाक्य बाजाराच्या बोलीत, उदाहरणासह आणि रकमेसह सांगितले गेले पाहिजे. जिल्ह्याच्या ठिकाणी भरणाऱ्या सभासद-बैठकांत निदान अर्धा वेळ अहिराणी, गुजराती व मराठीस द्यावा, आणि करारनामा, तपासणी अहवाल व दाखला हे तीन कागद ओळीओळीने वाचून दाखवावेत. अशा वाचनाच्या वेळी कोणत्या संज्ञेशी ऐकणारा अडखळतो, तो तिचा अर्थ आपल्या शब्दांत कसा लावतो आणि तो अर्थ नियमापासून किती दूर जातो, याची नोंद घेणे हे आमच्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहज करता येण्यासारखे काम आहे. १९२३ च्या पाहणीने तेरा देशांत जे केले, तेच एका जिल्ह्याच्या सहा तालुक्यांत करावयाचे. त्यासाठी मिरचीचा हंगाम हा योग्य काळ होय, कारण तेव्हा बोलणारी सर्व माणसे एकाच आवारात भेटतात.