सुईला दोन टोकं, नेढं मधोमध!

मुलांनो, शाळेत किंवा आजीजवळ बसून तुम्ही रुमालावर साखळी टाका घातला असेल. सुई वरून खाली, मग खालून वर. काम सोपं, पण वेळखाऊ. आणि फार जुनंही! इजिप्तचा राजा तूतनखामेन याच्या सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीच्या थडग्यात भरतकाम केलेला अंगरखा सापडला. तोही हातानंच भरलेला.

मग हे काम यंत्राकडून कसं करून घ्यायचं? दर टाक्याला सुई उलटी फिरवणार कोण? १८२८ मध्ये फ्रान्समधल्या मुलूझ शहरात जोस्युए हाइलमान यांनी युक्ती काढली. सुईला दोन्हीकडे टोक आणि नेढं मधोमध! कापड उभं ताणायचं. अलीकडच्या चिमट्यांनी सुया टोचायच्या, पलीकडच्या चिमट्यांनी ओढून घ्यायच्या. अशा शेकडो सुया एकदम चालत.

पण एक अडचण होतीच. सुईतला दोरा संपला, की पुन्हा ओवा! स्वित्झर्लंडच्या सेंट गालेन भागात ही मशीन लोकांच्या घरी आली, तेव्हा ओवायचं काम कुणाकडे गेलं असेल? तुमच्याएवढ्या मुलांकडे! शाळेच्या आधी आणि शाळा सुटल्यावर ती सुया ओवत बसत.

१८६३ मध्ये त्याच भागातल्या इसाक ग्रोब्ली यांनी नवी मशीन शोधली. पुढून सुईतला दोरा, मागून होडीच्या आकाराच्या धोट्यातला दोरा. दोन्ही एकमेकांत अडकले, की टाका तयार! म्हणून तिचं नाव 'शिफ्ली', म्हणजे छोटी होडी. सुईला दोरा आता रिळातून सलग मिळू लागला. आज नक्षी कॉम्प्युटरवर आखतात, पण मशीन टाका घालते तो दोन दोऱ्यांचाच.

मग हातकाम ओळखायचं कसं? कापड उलटं करा! मशीनच्या कामात मागे दुसराच दोरा दिसतो, बहुतेक वेळा पांढरा. इरकल साडीवरची धारवाडकडची कसुती बघा. तिचा 'गवंती' टाका दोन्ही बाजूंनी सारखा, आणि गाठ कुठेच नाही! कापडाचे धागे मोजून तो घालावा लागतो. एका साडीत भरणाऱ्या बाईचे कितीतरी दिवस जातात.

तेव्हा आई-बाबा, "मशीनची स्वस्त मिळते हो" असं म्हणून घासाघीस करण्याआधी साडीची उलटी बाजू बघाल ना? आणि मुलांनो, ती दाखवायचं काम तुमचं!