थवा, कळप आणि खिल्लार

पक्ष्यांचा थवा, मेंढ्यांचा कळप, मुंग्यांची रांग, उंटांचा तांडा. हे समूहदर्शक शब्द केवळ परीक्षेतील गुणांसाठी नाहीत. थवा उडतो, रांग एकामागून एक सरकते, तांडा मजल दरमजल करीत जातो. प्राण्यांची चाल शब्दातच आहे. ‘खिल्लार’ म्हणजे गुरांचा कळप. तेच नाव आपल्या भागातील बैलांच्या जातीला मिळाले. कन्नडमध्ये कळपाला ‘हिंडु’ म्हणतात. तोही शब्द मुलांनी जरूर शिकावा. परंतु सगळ्यांनाच ‘ग्रुप’ म्हणण्याची सवय लागली, तर दोन्ही भाषांचे नुकसान आहे. मराठी शाळेसाठी आपण झगडतोच. घरातही हे शब्द वापरात राहिले पाहिजेत. पालकांनी संध्याकाळी आकाशातून जाणारे बगळे दाखवून मुलांना विचारावे, ‘याला काय म्हणतात?’