टार्टारसचे कैदी

ग्रीक देवांना मरण नाही, आणि त्यांच्या भांडणांतली खरी अडचण हीच आहे. हरलेल्या शत्रूला ठार करता येत नसेल तर त्याचं करायचं काय? टार्टारस हे या प्रश्नाचं उत्तर. पाप-पुण्याचा हिशेब तिथे पुष्कळ उशिरा आला. आधी तो सत्तेच्या लढाईत हरलेल्यांचा तुरुंग होता.

इसवी सनापूर्वी ७००च्या सुमारास रचलेल्या ‘थिओगोनी’ या काव्यात हेसिअडने ही लढाई एका घराण्याची गोष्ट म्हणून सांगितली आहे. युरेनसने आपली पोरं त्यांच्या आईच्याच, म्हणजे धरित्रीच्या पोटात कोंडली. तिने आपल्या मुलाच्या, क्रोनसच्या हाती दातेरी विळा दिला, त्याने बापाचं पुरुषत्व छाटलं आणि राज्य घेतलं. आपलाही मुलगा आपल्याला खाली खेचणार हे कळल्यावर तो जन्मलेलं प्रत्येक मूल गिळू लागला. धाकट्या झ्यूसच्या जागी त्याच्या आईने, रियाने, कापडात गुंडाळलेला दगड पुढे केला, म्हणून तो वाचला. पुढे क्रोनसला गिळलेली पोरंही ओकावी लागली.

मग दहा वर्षं लढाई. ऑथ्रिस पर्वतावर टायटन, म्हणजे क्रोनस आणि त्याची भावंडं, ऑलिंपसवर झ्यूस आणि त्याची भावंडं. निकाल लागेना, तेव्हा झ्यूसने युरेनसच्या कैदेतले तीन भाऊ जमिनीखालून सोडवून आणले. प्रत्येकाला शंभर हात आणि पन्नास डोकी. त्यांनी एकदम तीनशे खडक फेकले आणि टायटन गाडले गेले. टार्टारस किती खोल? कांशाची ऐरण आकाशातून सोडली तर ती नऊ दिवस-रात्री पडत राहून दहाव्या दिवशी पृथ्वीवर येईल. तिथून टार्टारसला पोहोचायला पुन्हा तितकेच दिवस. भोवती कांशाची भिंत, दारं पोसायडनने बसवलेली. आणि पहारा कुणाचा? त्याच शतहस्त भावांचा. अंधारातून सुटलेले पुन्हा अंधारातच गेले, या वेळी राखणदार म्हणून. झ्यूसच्या राज्याबद्दल हेसिअडने याहून बोचरं काही सांगितलेलं नाही, असं मला वाटतं.

माणसांच्या शिक्षा होमरच्या ‘ओडिसी’च्या अकराव्या सर्गात, पाताळात दिसतात. टँटलस हनुवटीपर्यंत पाण्यात उभा आहे. वाकला की पाणी आटतं आणि पायाशी काळी माती उघडी पडते. डाळिंबाला, अंजिराला हात घातला की वारा फांदी ढगांकडे उडवतो. सिसिफस दोन्ही हातांनी धोंडा चढवतो, माथ्यावर पोहोचता पोहोचता तो गडगडत खाली येतो. या दोघांचे गुन्हे होमर सांगत नाही. ते पुढच्यांनी सांगितले. टँटलसने देवांचं अमृत आपल्या सोबत्यांना पाजलं. झ्यूसने पळवलेल्या मुलीचा ठावठिकाणा सिसिफसने तिच्या बापाला सांगितला, वर प्रत्यक्ष मृत्यूला बेड्या ठोकल्या. टिटिऑसने लेटो या देवीवर हात टाकला, हे मात्र होमरच सांगतो. इक्सिऑनने झ्यूसच्या राणीवर, हेरावर नजर ठेवली. म्हणजे सगळे देवांचेच अपराधी! खोटी शपथ घेणारे सोडले, तर बाकीचे मेलेले लोक होमरच्या पाताळात नुसत्या सावल्या होऊन फिरतात.

प्लेटोच्या हे नेमकं लक्षात आलं होतं. होमरच्या पाताळात कायमची शिक्षा भोगणारे सगळे राजे आणि सत्ताधीश आहेत, थर्सायटीजसारखा सामान्य दुष्ट तिथे नाही, असं ‘गॉर्जियस’मध्ये सॉक्रेटिस म्हणतो, कारण मोठे गुन्हे करायची मोकळीक सत्तेलाच असते. याच संवादात न्यायनिवाडा बदलतो. पूर्वी माणसांचा न्याय मरणाआधी, अंगावरच्या कपड्यांसकट आणि साक्षीदारांच्या गोतावळ्यात होई, म्हणून निकाल चुकत. झ्यूस ते बंद करतो आणि आपल्या तीन मुलांना न्यायाधीश नेमतो. आता आत्मा उघडा होऊन समोर येतो. आशियातून आलेल्यांचा न्याय रॅडमँथस करतो. पुष्कळदा इराणचा सम्राटच त्याच्या पुढ्यात असतो, पण हा कोण हे त्याला ठाऊक नसतं. खोट्या शपथांचे आणि अन्यायाचे वळ त्या आत्म्यावर दिसतात आणि तो त्याला सरळ तुरुंगात धाडतो.