परदेशी विद्यापीठाचा अर्ज : कागदपत्रांचा गुंता

परदेशी विद्यापीठात उच्च शिक्षण घेण्याची आकांक्षा आता केवळ मुंबई-पुण्याच्या सधन कुटुंबांपुरती मर्यादित राहिलेली नाही. तालुक्याच्या महाविद्यालयातून पदवी घेतलेला, घरातील पहिलाच पदवीधर असलेला विद्यार्थीही आज ब्रिटन, जर्मनी किंवा अमेरिकेतील विद्यापीठाकडे अर्ज करतो. या आकांक्षेला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पुढे शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून त्यांना १९१७ मध्ये मायदेशी परतावे लागले, व तो पुरा करण्यासाठी १९२० मध्ये ते स्वतः पैसे जमवून पुन्हा तेथे गेले. गुणवत्ता निर्विवाद असूनही पैसा आणि मुदत यांचा मेळ बसला नाही म्हणजे काय होते, याचे हे बोलके उदाहरण होय.

आजच्या विद्यार्थ्याची अडचणही बव्हंशी याच स्वरूपाची आहे. अभ्यासक्रम कठीण म्हणून तो गोंधळत नाही. एक कागद मिळण्यासाठी दुसरा हवा आणि दुसऱ्यासाठी पहिला, या चक्रात तो सापडतो. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. केंद्र शासनाचीही राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. या शिष्यवृत्त्यांसाठी परदेशी विद्यापीठाचे विनाशर्त प्रवेशपत्र लागते. परंतु पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेल्या विद्यार्थ्यास विद्यापीठ प्रथम सशर्त प्रवेशच देते. अंतिम निकाल हाती आल्याखेरीज ती अट गळत नाही. त्यातच अनेक विद्यापीठे जागा राखण्यासाठी ठरावीक तारखेपूर्वी अनामत रक्कम मागतात. निकाल लांबला, तात्पुरते पदवी प्रमाणपत्र चार आठवडे टेबलावर पडून राहिले, की वर्षभराचे परिश्रम वाया जातात. ज्याच्यापाशी पैसा आहे तो अनामत भरून वाट पाहू शकतो; ज्याच्यासाठी शिष्यवृत्ती आहे, त्यालाच वाट पाहणे परवडत नाही.

पैशाच्या पुराव्याचेही नियम देशागणिक वेगळे आहेत. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी स्वतःच्या किंवा आई-वडिलांच्या खात्यातील शिल्लक दाखवायची असेल, तर ती आवश्यक रकमेपेक्षा सलग २८ दिवस कमी होता कामा नये. एक दिवस जरी ती खाली गेली, तरी अर्ज नाकारला जाऊ शकतो. सोयाबीनचे पैसे हाती येतात तेव्हा सोसायटीचे कर्ज, मुलीचे लग्न, बी-बियाणे सारे एकदम उभे असते. अशा घरात २८ दिवस पैसा न हलवणे म्हणजे काय, हे वाचकांस सांगणे नलगे. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षण शुल्क घेत नाहीत, हे खरे. तथापि तेथे जाणाऱ्यास सामान्यतः ब्लॉक्ड अकाउंट नावाच्या खात्यात वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम आगाऊ भरावी लागते व ती दरमहा ठरावीक हप्त्यानेच काढता येते. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना आपल्या शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्र आवश्यक झाले आहे. 'जर्मनीत शिक्षण फुकट' एवढेच ऐकून निघालेल्यास हे सारे उशिरा कळते.

शिक्षकांचा भाग

अर्जासोबत विद्यार्थ्याने आपल्या शिक्षणाचा हेतू सांगणारे निवेदन द्यावयाचे असते. आपल्याकडील अर्जाचा साचा विनंतीचा. तेथे मात्र आपण काय केले, काय शिकलो व हाच विषय का निवडला, हे सरळ सांगणे अपेक्षित असते. मुले बुजतात आणि दुसऱ्याचे निवेदन उतरवून काढतात. ब्रिटनमधील पदवीच्या प्रवेशांचे अर्ज स्वीकारणारी यूकास ही मध्यवर्ती संस्था अशी साम्ये यंत्राद्वारे तपासते.

शिफारसपत्राची कथा आणखी निराळी. 'तूच लिहून आण, मी सही करतो' ही आपल्याकडील रीत येथे उपयोगी पडत नाही. विद्यापीठाचा दुवा थेट प्राध्यापकांच्या ई-मेलवर येतो, आणि तोही शक्यतो महाविद्यालयाच्या अधिकृत पत्त्यावर. तो आठ दिवस उघडलाच गेला नाही, तर विद्यार्थ्याचा अर्ज अपुरा राहतो आणि पुन्हा आठवण करून देण्याचा संकोच त्याला छळतो. बाहेरून मानसिक ताण म्हणून दिसते त्यातील बराचसा भाग अशा अबोल प्रतीक्षेचा असतो. घरचे रोज विचारतात, गावात बातमी झालेली असते आणि विद्यापीठ तर दोन-दोन महिने उत्तर देत नाही.

या पोकळीत मध्यस्थ शिरतो. अनेक परदेशी विद्यापीठे अशा प्रतिनिधींना प्रत्येक प्रवेशामागे कमिशन देतात, तेव्हा त्यांचा सल्ला विद्यार्थ्याच्या हिताचाच असेल असे गृहीत धरता येत नाही. सगळेच मध्यस्थ लबाड नसतात, हेही नमूद केले पाहिजे. परंतु २०२३ मध्ये कॅनडात काही भारतीय विद्यार्थ्यांवर देश सोडण्याची पाळी आली होती. व्हिसाच्या अर्जास जोडलेली त्यांची प्रवेशपत्रे बनावट असल्याचे कित्येक वर्षांनी उघडकीस आले होते. त्यानंतर १ डिसेंबर २०२३ पासून कॅनडाने प्रत्येक प्रवेशपत्र संबंधित संस्थेकडून पडताळून घेण्यास प्रारंभ केला. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील पत्त्यावर स्वतः ई-मेल पाठवून खातरजमा करणे, एवढी दक्षता कोणासही घेता येईल.

नावाचा घोळ

सर्वांत क्षुल्लक वाटणारी आणि सर्वाधिक छळणारी बाब म्हणजे नाव. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव प्रथम, मग स्वतःचे, मग वडिलांचे नाव. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना वेगळा. त्यात काहीच न लिहिता सारे नाव दुसऱ्या रकान्यात घातले, तर अमेरिकेच्या व्हिसावर ते संपूर्ण नाव आडनाव ठरते आणि व्यक्तिनामाच्या जागी 'एफएनयू', म्हणजे नाव अज्ञात, अशी अक्षरे येतात. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत एक स्पेलिंग, शाळेच्या जनरल रजिस्टरात दुसरे, आधार कार्डावर तिसरे, अशी उदाहरणे विरळा नाहीत. शाळा सोडल्यानंतर अशी दुरुस्ती करून घेणे फार जिकिरीचे होते. दहावीच्या परीक्षेचे आवेदनपत्र भरण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी जन्मदाखला, जनरल रजिस्टर व आधार कार्ड एकत्र मांडून पालकांसमक्ष ताडून पाहिल्यास हे काम एका दुपारी आटोपते.