उग्र वासाचे पाणी स्वच्छ असते का?

गुडघेदुखीने चालणे अवघड झाले, की डॉक्टर अनेकदा पाण्यातील व्यायाम सुचवतात. छातीइतक्या पाण्यात उभे राहिले असता शरीराचा बराचसा भार पाणी उचलते आणि सांध्यांवर ताण न येता स्नायूंना काम मिळते. आपल्यापैकी कित्येकांनी लहानपणी पाठीला डबा बांधून गावच्या विहिरीत उड्या मारल्या असतील. त्यामुळे साठी उलटल्यावर पुन्हा पाण्यात उतरताना भीतीपेक्षा उत्साहच अधिक असतो. मात्र विहिरीला जिवंत झरे असतात. जलतरण तलावात तेच पाणी दीर्घकाळ फिरत राहते आणि रोज अनेक माणसे त्यात उतरतात. ते सुरक्षित आहे की नाही, हे ओळखता येणे ज्येष्ठांसाठी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी महत्त्वाचे आहे.

पाणी शुद्ध कसे ठेवतात?

हे काम दोन टप्प्यांत होते. पंपाच्या साहाय्याने तलावाचे पाणी वाळूच्या गाळणीतून सतत फिरवले जाते. अतिसूक्ष्म कण एकत्र यावेत म्हणून तुरटीही वापरतात. घरी गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो, त्यातलाच हा प्रकार. पण गाळणीने मळ अडतो, सगळे जंतू अडत नाहीत. त्यांच्यासाठी क्लोरिन लागतो. तो पावडर, द्रव किंवा गोळ्यांच्या रूपात देतात. ग्रामपंचायत पाण्याच्या टाकीत जी टीसीएल पावडर टाकते, तीही याच कुळातली.

क्लोरिन किती प्रभावी ठरेल, हे पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर अवलंबून असते. सामू ७.५ च्या आसपास असेल, तर पाण्यातील मुक्त क्लोरिनचा जवळजवळ निम्मा भाग जंतुनाशक रूपात राहतो. सामू ८ वर गेला, की हे प्रमाण जेमतेम पाव हिश्श्यावर येते. म्हणजे क्लोरिन भरपूर टाकूनही उपयोग थोडाच. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या शिफारशीनुसार तलावाचा सामू ७.० ते ७.८ आणि मुक्त क्लोरिन लिटरमागे किमान १ मिलिग्रॅम असावा. उन्हात क्लोरिन टिकावा म्हणून सायन्युरिक आम्ल मिसळलेले असेल, तर हे प्रमाण किमान २ मिलिग्रॅम हवे. भारतीय मानक ब्युरोनेही तरण तलावाच्या पाण्यासाठी स्वतंत्र मानक ठरवले आहे.

नाकाने दिलेली चुकीची साक्ष

तलावाजवळ जाताच उग्र वास आला, की ‘औषध भरपूर टाकलेले दिसते, पाणी स्वच्छ असणार’ असे आपण म्हणतो. वस्तुस्थिती नेमकी उलट असते. क्लोरिनचा घाम, लघवी, अंगावरील मळ आणि तेल यांच्याशी संयोग झाला, की क्लोरामाइन नावाची संयुगे तयार होतात. तो उग्र वास, डोळ्यांची आग आणि खोकल्याची उबळ ही बहुतांशी त्यांची करणी. जंतूंशी लढण्यासाठी ठेवलेला क्लोरिन मळाशी लढण्यातच खर्ची पडला, असा त्याचा अर्थ. बंदिस्त तलावात ही संयुगे हवेत साचतात. दमा किंवा फुप्फुसांचा जुना विकार असलेल्यांनी अशा ठिकाणी श्वासाला त्रास जाणवताच बाहेर मोकळ्या हवेत यावे.

म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी साबण लावून केलेली आंघोळ हा केवळ शिष्टाचार नव्हे, ती जलशुद्धीकरणाची पहिली पायरी आहे. उतारवयात लघवीवरील ताबा कमी होणे स्वाभाविक आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. उतरण्यापूर्वी आणि मध्ये तासातून एकदा स्वच्छतागृहात जाऊन यावे. सोबत असणाऱ्याने ही आठवण चारचौघांत न करता हळूच करून द्यावी.

क्लोरिनलाही मर्यादा आहेत

योग्य प्रमाणातील क्लोरिनने ई. कोलायसारखे जिवाणू मिनिटभरात मरतात. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब घडवणारा परजीवी मात्र त्याच पाण्यात सात दिवसांहून अधिक तग धरू शकतो. जुलाब होत असताना कोणीही, विशेषतः नातवंडांनी, तलावात उतरू नये. या परजीवीचे निदान झाले असेल, तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे थांबावे. ज्येष्ठांना जुलाबाने लवकर शोष पडतो आणि प्रतिकारशक्ती दबवणारी औषधे चालू असतील, तर हा आजार लांबतो. पाण्यात असताना तोंडात पाणी जाऊ देऊ नये, हे अशा वेळी खरे संरक्षण.

कोमट पाण्याचे टब आणि त्यातील फवारे दुखऱ्या अंगाला सुखावतात. पण तिथे क्लोरिन लवकर उडून जातो आणि लिजिओनेला हा जिवाणू उबेत वाढतो. तो पाण्याच्या तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसांत शिरतो व न्यूमोनिया घडवतो. १९९९ मध्ये नेदरलँड्समधील बोव्हेनकार्स्पेल येथे फुलांच्या प्रदर्शनात मांडलेल्या अशाच टबातून ही लागण पसरली आणि तीसहून अधिक माणसे दगावली. पन्नाशी ओलांडलेल्यांना, धूम्रपान करणाऱ्यांना आणि फुप्फुसांचे रोगी असणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. टबासाठी मुक्त क्लोरिन किमान ३ मिलिग्रॅम हवा. त्याची नोंद पाहायला मिळाली नाही, तर टबाचा मोह टाळावा.

उतरण्यापूर्वी काय पाहावे?

• सर्वांत खोल भागाचा तळ आणि तेथील जाळी काठावरून स्पष्ट दिसावी. दिसत नसेल, तर परत फिरावे. गढूळ पाण्यात बुडणारा माणूसही दिसत नाही.

• क्लोरिन व सामू यांची नोंदवही मागावी. चाचणी दिवसातून किती वेळा होते, हे विचारावे.

• पाण्याचा नमुना पिवळा करणाऱ्या ओटी चाचणीत मळाशी बांधला गेलेला क्लोरिनही मोजला जातो. गुलाबी रंग देणाऱ्या डीपीडी चाचणीने मुक्त क्लोरिन वेगळा कळतो. तलावावर कोणती चाचणी वापरतात, हे विचारून घ्यावे.

• भिंतीला हात लावून पाहावा. बुळबुळीत लागली, तर स्वच्छतेत हयगय आहे.

• रसायने टाकत असताना जवळ थांबू नये. क्लोरिन आणि आम्ल एकत्र आले, तर विषारी वायू तयार होतो. सोसायटीच्या तलावाची देखभाल करणाऱ्यालाही हे माहीत असल्याची खात्री करावी.

मधुमेही व्यक्तीच्या तळपायावर चीर किंवा जखम असेल, तर ती पूर्ण भरेपर्यंत पाण्यात उतरू नये. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवावी. बाहेर आल्यावर साध्या पाण्याने आंघोळ करून, अंग टिपून खोबरेल तेल लावावे. वयोमानाने कोरडी झालेली त्वचा क्लोरिनने आणखी कोरडी पडते.

नोंदवही मागताना संकोच वाटतो, हे खरे. परंतु भाजी घेताना आपण जुडी उलटून पाहतोच. ज्या पाण्यात रोज अर्धा तास काढायचा, त्याची चौकशी तेवढ्याच सहजतेने करावी. तलाव नीट सांभाळणारा माणूस ती वही आनंदाने पुढे करील.