फाळक्यांची छोटी रिळं

एक वाटाणा कुंडीत पेरायचा आणि तो उगवून वेल होईपर्यंत रोज त्याची छायाचित्रं घेत राहायचं. 1912 मध्ये दादासाहेब फाळक्यांनी लंडनहून कॅमेरा आणल्यावर केलेला हा उद्योग 'अंकुराची वाढ' म्हणून ओळखला जातो. रोज एक चौकट घेतली आणि मिनिटभराची फिल्म झाली, असं आपण ऐकत आलो आहोत. पण त्या काळात हातानं फिरवायच्या यंत्रात सेकंदाला साधारण 16 चौकटी सरकत. रोज एक याप्रमाणे महिनाभराच्या चौकटी दोन सेकंदांत संपल्या असत्या. मिनिटभर वेल वाढताना दिसायची तर साडेनऊशेच्या वर चौकटी हव्यात, म्हणजे दिवसाला तीसेक. या माणसाच्या चिकाटीची गोष्ट आपण उगाच स्वस्तात सांगतो. 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल मिळालं ते ही फिल्म दाखवून.

पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. त्याची स्थापना 1964 ची, आणि त्याला आकार दिला तो पी. के. नायर यांनी. फाळक्यांच्या चित्रपटांचे उरलेसुरले तुकडे त्यांनी शोधून आणले, जुळवले आणि जपले. 'कालियामर्दन' आज बऱ्यापैकी सलग पाहायला मिळतो, तो या खटपटीमुळे. अभ्यासकांचं लक्ष साहजिकच हरिश्चंद्राकडे आणि कृष्णाकडे जातं. मला मात्र फाळके खरे सापडतात ते त्यांच्या छोट्या रिळांत.

तेव्हा मुख्य चित्रपटाच्या जोडीला अशी रिळं लागत. 'मोहिनी भस्मासुर'बरोबर 'पिठाचे पंजे' हा विनोदी तुकडा दाखवत. हॉलिवूडनं पुढे याच मापाचा कारखाना उभारला. हॅल रोचच्या स्टुडिओत जेम्स पॅरटनं दिग्दर्शित केलेला 'द म्युझिक बॉक्स' (1932) म्हणजे लॉरेल-हार्डी, एक पियानो आणि न संपणारा जिना. त्याला ऑस्करही मिळालं. तिथे लेखक, कॅमेरामन, नट असा पगारी ताफा असे. इथे बहुतेक सगळा भार एकट्यावर. 'आगकाड्यांची मौज'मध्ये काड्या आपोआप हलतात. काडी कणभर सरकवायची, चौकट घ्यायची, पुन्हा सरकवायची; वाटाण्याच्या वेळी हाताला लागलेली सवय इथे खेळ होऊन आली. फाळके जादूचे प्रयोगही करत, आणि त्यासाठी आडनाव उलटसुलट करून 'प्रोफेसर केळफा' झाले होते. त्या जादूचंही त्यांनी रीळ केलं. पौराणिक पटांतले चमत्कार आभाळातून पडलेले नव्हते, त्यांची तालीम अशी चालली होती.

'चित्रपट कसे तयार करतात' (1917) याचा काही भाग टिकला आहे. त्यात फाळके स्वतः दिसतात: नटांना सूचना देतात, फिल्मची पट्टी हातात धरून निरखतात, कात्री लावतात. देवादिकांचे चमत्कार दाखवून पोट भरणारा माणूस आपलीच हातचलाखी पडद्यावर उघडी करतो, हे धाडस मला आजही थक्क करतं. धंद्याच्या दृष्टीनं हा आतबट्ट्याचाच व्यवहार. पण त्यांना प्रेक्षकाइतकाच शिकाऊ उमेदवारही हवा होता, असं ते पाहताना वाटतं.

बाकीच्या रिळांचं काय झालं? नायट्रेट फिल्म चटकन पेट घेते, आणि नाही पेटली तरी कुजत जाते. जानेवारी 2003 मध्ये पुण्यातच अशा फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि मूकपटांच्या काळापासूनची कितीतरी रिळं गेली. फाळक्यांची बहुतेक छोटी रिळं तर त्याच्या कितीतरी आधी, कुणी मोजदाद ठेवण्यापूर्वीच नाहीशी झाली होती.

त्यांच्या चित्रपटांच्या यादीत नाव आहे ते तळेगावच्या काच कारखान्यावरच्या रिळाचं. पैसा फंडातून, म्हणजे लोकांच्या पैशा-पैशातून उभा राहिलेला हा कारखाना पुण्याहून लोकलनं तासाभराच्या आत. भट्टीपुढे उभे कामगार, फुंकणीच्या टोकाला फुगणारा काचेचा गोळा आणि समोर फाळक्यांचा कॅमेरा! ती पाच मिनिटं कुणी आणून दिली तर 1937 चा त्यांचा अख्खा 'गंगावतरण' बोलपट मी बदल्यात देईन.