लोणारचा सूर्यास्त आणि अक्रिलिक रंग

सूर्यास्ताचे चित्र काढ, असे आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील कोणत्याही मुलास सांगितले, तर तो बहुधा समुद्र काढतो. दोन नारळ, एक होडी आणि लाटांवर टेकलेला अर्धा सूर्य. समुद्र त्याने पाहिलेला नसतो. पाहिलेली असते भिंतीवरची दिनदर्शिका. एलिमेंटरी व इंटरमिजिएट चित्रकलेच्या परीक्षांस बसणारी चांगली हाताची मुलेही हेच करतात, आणि घरातील वडीलधारी मंडळी त्यांस शाबासकी देतात. समुद्राशी आमचे वैर नाही. परंतु ज्या जिल्ह्यात लोणारसारखे खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे, तेथील मुलाने किनारा उसना का आणावा, हे आम्हांस कळत नाही.

लोणारचे विवर उल्कापाताने काळ्या पाषाणात पडलेले आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून काठापासून पाणी शंभराहून अधिक मीटर खाली आहे. गाव पूर्वेच्या अंगास असल्यामुळे त्या बाजूच्या काठावर उभे राहिले की समोरच्या कड्याआड सूर्य मावळताना दिसतो. चित्र काढू इच्छिणाऱ्याने येथे प्रथम एक संध्याकाळ नुसती पाहण्यात घालवावी. कुंचला घरी ठेवावा.

कालिदासाने कुमारसंभवाच्या आठव्या सर्गात शंकराच्या मुखाने पार्वतीस सायंकाळचे वर्णन ऐकविले आहे. सरोवरात सूर्याचे जे लांबट प्रतिबिंब पडते, त्यास तेथे सुवर्णसेतूची उपमा दिली आहे. प्रत्येक बारीक लाट हा एक कललेला आरसाच असल्यामुळे ते प्रतिबिंब असे ताणले जाते. लोणारास हा सेतू दिसतो खरा, पण तो फार लवकर मोडतो. पश्चिमेचा कडा उंच, पाणी खोल. त्यामुळे सूर्य बुडण्याच्या सुमारे अर्धा तास आधीच पूर्वकाठावरून तो दिसेनासा होतो आणि तळ्यावर सावली पसरते. मग पाण्यात काय दिसते? पलीकडच्या अर्ध्या भागात कड्याची काळी झाडी, आणि अलीकडच्या भागात क्षितिजावरचा तांबडा पट्टा नव्हे, तर त्याच्याही वरचे फिकट आकाश. आकाशाचा शेंदरी रंग जसाच्या तसा पाण्यात उतरविणारा चित्रकार लोणार काढीत नाही; तो पुन्हा दिनदर्शिकाच काढतो.

आता रंगांविषयी. अक्रिलिक रंग म्हणजे पाण्यात कालविलेल्या प्लास्टिकसदृश बंधात घोळलेली रंगद्रव्ये. पाणी उडाले की बंधाचे कण एकमेकांस चिकटून पापुद्रा होतो व तो पुन्हा पाण्याने विरघळत नाही. (आजोबांच्या धोतरावर शिंतोडा उडाल्यास तो ओला असतानाच धुवावा, नंतर रडून उपयोग नाही.) तैलरंग वाळावयास दिवसच्या दिवस लागतात, हा रंग आमच्याकडील वैशाखात थाळीवरच काही मिनिटांत वाळतो. यावर सोपा उपाय असा की, थाळीत ओले फडके पसरून त्यावर लोणी-कागद घालावा आणि रंग त्यावर काढावेत. दुसरे असे की, हा रंग वाळल्यावर किंचित गडद होतो, म्हणून आकाशाचे मिश्रण मनात असेल त्याहून थोडे उजळ करावे.

चित्रात प्रकाश आणावयाचा तो पांढरा रंग ओतून नव्हे. पांढऱ्याने आकाश खडूसारखे निस्तेज होते. प्रथम सगळ्या कॅनव्हासवर पिवळ्या मातीचा किंवा गेरूचा पातळ हात द्यावा. वरच्या रंगांतून तो ऊब देत राहतो. सूर्याजवळ पिवळा, मग नारिंगी, मग गुलाबी, आणि सर्वांत वर जांभळट निळा. पिवळा व निळा यांची थेट गाठ पडू देऊ नये, हिरवे आकाश पदरी येईल. मध्ये गुलाबी पट्टा राखावा. तो रंग निसर्गातही उगाच नसतो. क्षितिजावरच्या सूर्याचा किरण माथ्यावरच्या सूर्याच्या मानाने सुमारे ३८ पट हवेतून येतो, वाटेत निळा अंश विखुरतो आणि तांबडा तेवढा डोळ्यापर्यंत पोचतो.

थर वाळल्यावर त्यावर नारिंगीचा अगदी पातळ, पारदर्शक हात द्यावा, आणि असे दोनतीन वेळा करावे. शेवटी कडा: निव्वळ काळ्याने नव्हे, तर निळा व अंबर मिसळून. हा अंधार धीराने गडद करीत गेले की आकाश आपोआप उजळू लागते. येथेच बहुतेकांचा धीर सुटतो.

मुलगा विचारील, पाण्याचा रंग कोणता द्यावा? शेवाळामुळे तो बहुधा हिरवट असतो. पण जून २०२० मध्ये हेच पाणी गुलाबी झाले. क्षार वाढून मीठप्रिय सूक्ष्मजीव माजल्याने तसे घडले, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आढळले. तो रंग पुढे ओसरला. तेव्हा ज्या दिवशी जे दिसेल तेच काढावे. कोल्हापूरचे आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांनी आपल्याच गावच्या तळ्यांची चित्रे काढली, आणि ती आजही नावाजली जातात.

एक गोष्ट मात्र घरातून निघतानाच मुलांस बजावावी. लोणारच्या तळ्यात पाणी येते, पण बाहेर जावयास वाट नाही. ते केवळ उन्हाने आटते. त्यात पडलेले प्लास्टिक तेथेच राहावयाचे. २०२० साली या सरोवरास रामसर पाणथळाचा दर्जा मिळालेला आहे. म्हणून कुंचले तळ्यात किंवा धारेच्या पाण्यात बुचकळू नयेत. ते आधी कागदास पुसावेत, धुतलेले पाणी बाटलीत भरून घरी आणावे, गाळ तळाशी बसू द्यावा आणि तो वाळवून केरात टाकावा.